शेजारीण बोलते

चित्राने कॉर्डलेस फोनचा डबा उलटा केला आणि त्याच्या तळाशी असलेली इवली बटणं टाचणीच्या टोकाने एकेक करून सरकवली. मग हँडसेटचीही तशीच सरकवली.

शेवंती लसूण सोलायचं सोडून लेकीकडे बघत होती. "झालं?"

"झालं. कोड बदलला. आता दुसऱ्या कुणाच्या हँडसेटवरून आपल्या लाइनला हात लावता येणार नाही."

"आनि ऐकू जानार नाय ना? नक्की?"

"नाही गं आई."

"नायतर ती बसलीच हाय भिंतीला कान लावून."

ती म्हणजे आवडाबाई, भिंतीपलीकडची शेजारीण. आळीतल्या नाथाने दुबईहून सुट्टीवर येताना दोन कॉर्डलेस आणले होते, अगदी सारखे. एक या घरात आला, एक त्या घरात. तेव्हापासून इकडचं बोलणं तिकडे फुटत होतं आणि शेवंतीच्या जिवाला घोर लागला होता. चित्राची आधीची दोन स्थळं पसंती कळवून मग एकदम गप्प झाली होती. ती आवडाबाईनेच मोडली, असं शेवंती शपथेवर सांगायची. मुलाकडची माणसं शेजारी चौकशी करणारच, आणि शेजारीण सांगेल ते खरं धरणार. चित्रालाही ते पटलं होतं. वर्षभर ती आवडाबाईंशी धड बोलली नव्हती.

या वेळचं स्थळ टिटवाळ्याचं होतं. मुलगा खोपटच्या एसटी डेपोत नोकरीला, चित्रापेक्षा जरा बुटकाच. पण ठाण्याच्या कोर्टात दिवसभर टाइप करून बोटं दुखतात का, असं त्याने तिला विचारलं होतं. हे तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं, घरातही नाही. तिला तो मनापासून आवडला होता. रविवारी ती माणसं सुपारी फोडायला येणार होती. सुपारी फुटली की लग्न पक्कं, मग कोणी काही बोलो.

"रविवारची साडी इस्त्रीला टाकलीय, घेऊन येते," असं सांगून चित्रा बाहेर पडली. जाताना ती गुणगुणत होती.

साडी घेऊन परतली तर आवडाबाई दारातच उभ्या. हातातला हँडसेट त्यांनी अंगापासून लांब धरला होता.

"चित्रे, इकडं ये गो. पोराला फोन लावायला बटन दाबलं, तर तुमच्याच घरचं बोलनं आलं बघ. मी काय ऐकलं नाय हां. उगा माझं नाव व्हायचं."

म्हणजे कोड फुकट गेला. चिडून चित्राने हँडसेट कानाला लावला. कोड बदलला की परक्याला आपल्या लाइनवरून फोन लावता येत नाही, एवढंच. आवाज हवेत मोकळाच राहतो. हे तिला ठाऊक नव्हतं. घरात फोन घेऊन बसलेल्या बाईला तर नव्हतंच.

"माझं नाव घेऊ नका कुठं," आईचा आवाज म्हणत होता. "मी त्यांची शेजारीन बोलते, आवडाबाई. मला पन पोरी हायेत, म्हनून राहवलं नाय. पोरगी गुनाची हाय, पन तिला फिट येते. हां, लहानपनापासून. लपवून ठेवलंय."

टिटवाळ्याची बाई काहीतरी विचारत होती. उत्तर देताना आईचा आवाज रडवेला झाला, आणि ते रडणं खोटं नव्हतं.

"आई तरी काय करनार बिचारी? तिला दुसरं हाय कोन?"

चित्राला जन्मात कधी फिट आली नव्हती. आता मात्र तिने दाराची चौकट धरली. मग बटण दाबून आवाज बंद केला.

"कोन होतं गो?" आवडाबाईंनी विचारलं.

"कोणी नाही. भलत्याच कुणाचं तरी बोलणं होतं."

"मंग बरं. रविवारी भाकऱ्या थापायला मी येनार हां. तुझी आय बोलवायची नाय, पन मी येनार. माझ्या डोल्यासमोर वाढलीस तू."

चित्राला त्यांच्याकडे बघवेना. हँडसेट त्यांच्या हातात देऊन ती घरात आली.

घरात फोन आपल्या डब्यावर नीट ठेवलेला होता आणि शेवंती पुन्हा लसूण सोलत होती.

"येवढा उशीर?"

"आवडाबाईंकडे होते."

शेवंतीचे हात थांबले. "काय बोलली ती? काय भरवलं तुझ्या कानात?"

"आवडाबाई काहीच बोलल्या नाहीत, आई. बोलत तू होतीस."

शेवंतीने मान वर केली नाही. लसणाची सालं ती उगाच बोटांनी गोळा करत राहिली. तिचा राग करावा की तिच्याजवळ बसावं, चित्राला कळेना. ती साडी उराशी धरून तशीच उभी राहिली.

"तू गेल्यावर या घरात मी कुनाशी बोलू गो?" शेवंती म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजायला लागला. दोघींच्या मधोमध तो वाजत होता आणि दोघीही त्याच्याकडे बघत होत्या. कोणीच हात पुढे केला नाही.

भिंतीपलीकडून आवडाबाईंची हाक आली, "चित्रे, फोन वाजतोय गो तुमचा! टिटवाल्याचा असल, घे लवकर!"