पहिली नवी रायफल

एस्टोनियाच्या फौजेत नव्या रायफली आल्या आणि गावातल्या स्वयंसेवक जवानांमध्ये पहिली मिळाली ती ओट्टला. त्याच्या थोरल्या भावाच्या, राइवोच्या पोटात दुखू लागलं. सगळ्या तुकडीत नेम चांगला तो राइवोचा, आणि खांद्यावर मात्र अजून जुनंच लोढणं!

ओट्टनं आईच्या जेवणाच्या टेबलावर रायफलीचे भाग सुटे करून दाखवले. "नळी हवी तर आखूड लाव, हवी तर लांब. दस्ताही आपल्या हाताच्या मापाचा करता येतो. धरून तर बघ!"

"तुझं खेळणं तुलाच लखलाभ," असं म्हणून राइवो पुढ्यातला काळा पाव तसाच टाकून उठला. लहानपणापासून नवं ते सगळं या ओट्टचंच!

पुढच्या सरावाला त्यानं तुकडीप्रमुख केर्स्टीला गाठलंच. "नेम माझा चांगला, मग रायफल त्याला कशी?"

"नव्या रायफली सीमेवरच्या पहिल्या फळीला दिल्यात," केर्स्टी म्हणाली. "त्या फळीत आधी तुझंच नाव होतं."

"मग ते खोडलं कुणी?"



"ओट्टनं. म्हणाला, राइवोची पोरं लहान आहेत, त्याच्याऐवजी मी पुढे उभा राहतो."