चल गं बाई

"चल गं बाई, आता थोडंच राहिलं," पुढच्या सीटवर बसलेली आई पुन्हा पुटपुटली.

मुलानं आरशातून मागं बसलेल्या बायकोकडे पाहिलं. बघितलंस ना, असं त्या नजरेत होतं. वर्षभर हे असंच चाललं होतं. घरीसुद्धा आई अंगणात जाऊन एकटीच बोलत बसायची आणि विचारलं, की "कुठं काय?" म्हणून मोकळी व्हायची.

समुद्राकाठचा रस्ता गाड्यांनी तुंबला होता. ऐन सुट्टीचे दिवस, त्यात धुकं असं, की पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत. बाबांची जुनी व्हॅन चढावर गचके खात होती. तंबू ठोकायला दोन ठिकाणी जागा नाही म्हणून हाकलून दिलं. तिसऱ्या ठिकाणी तंबूंच्या दोऱ्या एकमेकींत अडकतील अशा दाटीत कसाबसा एक कोपरा मिळाला.

आईला वाटत होतं, बाबा न्यायचे तशीच ही सहल. खरं तर पुढच्या वळणापलीकडे एक वृद्धाश्रम होता आणि तिथं तिच्या नावानं खोली ठरली होती. नवरा-बायको दिवसभर कामावर, घरात आई एकटी, त्यात हे बोलणं. मुलानं स्वतःची समजूत घातली होती. फक्त आईला सांगायचं राहिलं होतं आणि ते सांगायला जीभ रेटत नव्हती.

सकाळी आई कॅन घेऊन नळाच्या रांगेत गेली. धुकं तसंच होतं. तंबूची घडी घालता घालता तो बायकोला म्हणाला, "दुपारी म्हातारीला त्यांच्या ताब्यात देऊन टाकू. बोलणं झालंय. नीट सांभाळतील ते."

"हळू बोल," बायको म्हणाली.

"आई" म्हटलं, की पुढचं वाक्य घशात अडकायचं. म्हणून हल्ली तो बायकोजवळ 'म्हातारी' असंच म्हणायचा.

दोन हातांच्या अंतरावर कॅन आपटल्याचा आवाज झाला. धुक्यातून आई पुढं आली. पायांवर पाणी सांडलं होतं, त्याचं तिला भान नव्हतं.

"म्हातारीला देऊन टाकणार तू?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"या घरात आली तेव्हापासून राबतेय ती. तू तापानं फणफणला होतास, तेव्हा भर पावसात दवाखाना कुणी गाठला? आता जरा खोकते, चढावर धाप लागते, तर लगेच परक्याच्या दारात? एवढी जड झाली रे तुला? तुझे बाबा असते, तर हिंमत झाली असती तुझी?"

आई रडत होती. बाबा गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

"नाही देत," तो म्हणाला. "माझी अक्कल शेण खायला गेली होती, आई. चल, घरी जाऊ."

बायकोनं डोळे पुसले आणि मुकाट्यानं सामान भरायला घेतलं. त्यानं बाजूला जाऊन फोन केला आणि खोली नको म्हणून कळवून टाकलं.

सगळं जग समुद्राकडे निघालं होतं, त्यामुळे परतीची बाजू मोकळी होती. धुकं विरायला लागलं. कित्येक महिन्यांनी त्याला मोकळा श्वास घेता आला. आपण वेळेवर शुद्धीवर आलो, असं त्याला राहून राहून वाटत होतं.

चढ आला.

"चल गं बाई," आई म्हणाली आणि तिनं व्हॅनच्या डॅशबोर्डवर हलकेच थोपटलं. "ऐकलंस ना, म्हातारे? नाही देत तुला कुणाला." मग त्याच्याकडे वळून ती ओशाळं हसली. "तुझे बाबा हिला म्हातारीच म्हणायचे. तुम्ही दोघं कामावर गेलात, की अंगणात हिच्याशीच चार शब्द बोलते. माझं काय रे, मला कुठंही नेऊन ठेव. पण हिला देऊ नकोस."