उन्हातले बाक

३ मार्चपासून रोज, सकाळचे दहा. वृद्धाश्रमाच्या अंगणात बाके पाच. त्यांपैकी कोणते किती वापरले जाते, हे वास्तुकलेच्या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी मोजायचे होते. "निरीक्षकाने चकार शब्द काढायचा नाही, नाहीतर नोंदी बिघडतात," असे सरांनी बजावले होते. त्यामुळे ती कोपऱ्यात मुकाट बसे. सावलीतली चार बाके ओस असत. तिच्यासमोरच्या, भर उन्हातल्या बाकावर मात्र एक आजी रोज ती उठेपर्यंत बसत. निष्कर्ष हाती लागला म्हणून पोरगी हरखली.

शेवटच्या दिवशी ती निघताना सेविका तिला म्हणाली, "आजी सगळ्यांना कौतुकाने सांगतात हो, नात माझी घुमी आहे, पण न चुकता भेटायला येते!"

पुढच्या आठवड्यात तिने खिडकीआडून फेरमोजणी केली. कोपरा रिकामा होता. उन्हातल्या बाकाचा वापर: शून्य.