एस्पोझितोंची पहिली आई

२०८७ साली नेपल्समध्ये रक्ताच्या थेंबावरून कुळातल्या मृतांशी बोलता येणारं यंत्र आलं. तिथे पूर्वी अनाथाश्रमाच्या भिंतीतल्या फिरत्या पेटीत टाकलेल्या बाळांना एस्पोझितो हे आडनाव देत. म्हाताऱ्या कार्मेला एस्पोझितोला आपल्या कुळातलं पहिलं बाळ त्या पेटीत टाकणाऱ्या आईला जाब विचारायचा होता.

“आजी, मेलेल्यांशी कसलं भांडतेस?” नात रोझा हसली.

“गप गं!” कार्मेलाने बोट टोचून घेतलं. “बाई, पोटचं पोर का टाकलंस?”

“टाकलं नाही. ऊब मिळावी म्हणून रात्रीपुरतं ठेवलं. सकाळी त्यांनी परत दिलंच नाही,” यंत्रातून कोवळा आवाज आला. “कोण रडतंय? माझं बाळ?”

कार्मेलाला हुंदका आवरेना. “त्याचंच रक्त मी.”

“मग तूच ये.”

“आले गं, आई.”

कार्मेला त्याच आठवड्यात झोपेत गेली. रोझाला पुढे मुलगा झाला. त्याच्या बोटाला तिने कधीच सुई लागू दिली नाही.