आजी पाण्याला घाबरते

"पोहायची चड्डी लॉजवरच राहिली वाटतं," आजी म्हणाली आणि पिशवी दुसऱ्यांदा उपसून दाखवली. चड्डी सकाळी तिनेच गादीखाली सरकवली होती. आज यांना पाण्यात पाऊल टाकू द्यायचं नाही, हे तिने समुद्र दिसायच्या आधीच ठरवलं होतं.

आजोबांनी उसासा टाकला, जरा मोठ्यानेच. "मग गेली आपली शर्यत."

शर्यत नातीच्या डोक्यातून निघाली होती. ती नुकतीच पोहायला शिकली होती आणि प्रवास सुरू झाल्यापासून तिने एकच धोशा लावला होता. का लावणार नाही? तिचे आजोबा म्हणजे काही साधीसुधी असामी नव्हती. लग्नाआधी एका सहलीत होडी उलटून आजी नदीत पडली, तेव्हा त्यांनी अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारून तिला काठावर आणलं होतं. त्यातूनच पुढे लग्न जमलं. घरात ही गोष्ट इतक्यांदा सांगून झाली होती, की नातीला पाढ्यांच्या आधी ती पाठ झाली. दर खेपेला नदी थोडी रुंद व्हायची. आजी भाजी निवडता निवडता मान हलवायची. त्या दिवसापासून ती कधी घोट्यापलीकडे पाण्यात गेली नाही, हेही सगळ्यांना माहीत होतं.

"बाबा, माझ्याकडे जास्तीची चड्डी आहे," जावई म्हणाला. नको तिथे उपयोगी पडण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

"दुसऱ्याची चड्डी? या वयात?" आजीने तो विषय तिथेच संपवला. "आणि यांच्या गुडघ्यांना गार पाणी चालत नाही."

"आई, डॉक्टरच म्हणालेत, पोहा म्हणून," लेक म्हणाली. "तू पाण्याला घाबरतेस, म्हणून बाबांनी जन्मभर काठावर बसायचं?"

"बसायचं."

"कमाल आहे तुझी. माणसाला काही हौस असते की नाही?"

आजीला ते लागलं. पण वाईटपणा घ्यायची तिला सवय होती. तिने आजोबांना भाड्याची छत्री सरळ करायला लावली, मग चादरीवरची वाळू झटकायला लावली. तरीही नात त्यांचा हात धरून ओढू लागली, तेव्हा आजीला चक्कर आली.

आजोबा लगेच खाली बसले. "हिला अशी सोडून कसा येऊ, बाळा?"

"ती मुद्दाम करते," नात म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आजी तुम्हाला काही करूच देत नाही."

आजोबांनी ते डोळे पाहिले. मग समुद्राकडे पाहिलं. त्यांचा चेहरा बदलला आणि आजीला तो बदललेला चेहरा मुळीच आवडला नाही.

"आधी आइस्क्रीम खाऊन ये," ते नातीला म्हणाले. "मग बघू."

तिघं टेकाडापलीकडच्या गाड्याकडे गेली. आजीने कलिंगड कापून ठेवलं आणि चाकू धुवायला वरच्या नळावर गेली. जाताना बजावून गेली, "जागचं हलायचं नाही."

"कुठे हलतोय?"

ती परत आली तेव्हा खुर्चीत नुसता शर्ट आणि चष्मा होता. आजोबा छातीभर पाण्यात उभे होते, दोन्ही हात पसरून. एक लाट आली. ती ओसरली तेव्हा ते तिथे नव्हते.

आजीने हाक मारली नाही. ती धावली. पाणी कमरेला लागताच तिने अंग झोकून दिलं आणि लाटा फोडत सपासप हात मारत निघाली. पोचली तेव्हा हाताला लागलं ते धरून तिने त्यांना वर खेचलं. त्यांनी तिच्या गळ्याला मिठी मारली.

"गळा सोडा. उताणे व्हा. अंग सैल टाका," ती म्हणाली. त्यांनी मुकाट्याने ऐकलं.

दोघं वाळूवर येऊन पडली. आजोबा खोकत होते. टेकाडावरून लेक ओरडत आली, तिच्यामागे नात, आणि सर्वांत शेवटी जावई, दोन्ही हातांवर आइस्क्रीमचे ओघळ घेऊन.

"काय झालं?"

"चाकू धुवायला गेले आणि लाटेने ओढलं मला," आजी धापा टाकत म्हणाली. "हे होते म्हणून वाचले."

लेकीला रडू कोसळलं. नात आजोबांना अशी बिलगली, की त्यांना उठता येईना. आता आज कुणीही पाण्यात जायचं नाही, असं लेकीने निक्षून सांगितलं आणि तिघं टॉवेल आणायला छत्रीकडे पळाली.

आजोबा लाललाल झालेला कान चोळत हळूच म्हणाले, "उपटून हातात आला असता गं."

"मग दुसरं काय धरणार होते?" आजी त्यांच्या टकलावरची वाळू पुसत म्हणाली. "नदीतून ओढून काढलं, तेव्हा निदान डोक्यावर केस तरी होते तुमच्या."