थकव्याचं माप

"कामाच्या थकव्याच्या चाचणीत 'रडू येतं' यावर तुम्हीच खूण केलीत, मॅडम. रडूबाईच्या हाती शाखेचा कारभार कसा देऊ?" देवस्थळी साहेबांनी शलाकाचा कागद तिच्यापुढे भिरकावला.

"आणि तुमचा थकवा किती?"

"शून्य! आम्ही पुरुष रडत बसत नाही."

शलाकाने डोळे कोरडे ठेवले. "मग चाचणीत अजून एक प्रश्न घाला, साहेब. हाताखालच्यांवर विनाकारण ओरडता का?"

"कोण ओरडतं?" साहेबांचा आवाज चढला. "तोंड सांभाळून बोला!"

तेवढ्यात दारातला म्हातारा शिपाई मुकाट्याने आत आला. रोजच्या सवयीने त्याने टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलला आणि साहेबांच्या हाताला लागणार नाही असा खिडकीत नेऊन ठेवला.

शलाका म्हणाली, "त्या प्रश्नावर यांनी तुमच्या वतीने खूण केली, साहेब."