उजव्या छातीवरचं पदक

ज्यांचे मुलगे महायुद्धात कामी आले, ते बाप दरवर्षी युद्धसमाप्तीच्या दिवशी लंडनच्या एका क्लबात जेवायला येताना मुलाचं पदक छातीच्या उजव्या बाजूला लावून येत. यंदा कर्नल वेदरबींनी प्रोफेसर पार्जिटरांच्या गिल्बर्टचं पदक सहज बघायला मागितलं आणि कडेवरचं नाव चष्मा लावून वाचलं.

"अहो पार्जिटर, खऱ्या पदकावर नाव ठशाने उमटवतात ना? हे तर हाताने कोरलंय. तुमच्याच पुस्तकात वाचलंय मी."

टेबलाभोवती खसखस पिकली. चाळीस वर्षं लोकांची खोटी नाणी आणि पदकं ओळखून देणारा पंडित घरच्याच पदकाला फसला होता.

"खरं कुणीतरी लांबवलं आणि हे तुमच्या गळ्यात मारलं," कर्नल म्हणाले. "तुम्हाला कळलं कसं नाही?"

"नाही कळलं," पार्जिटर म्हणाले.

संध्याकाळपर्यंत गोष्ट साऱ्या क्लबात झाली. पार्जिटरांनी क्लबचा राजीनामा दिला, संग्रहालयातल्या पदाचाही दिला, आणि पदक पुन्हा उजव्या बाजूला लावून ते घरी गेले.

त्यांची बायको हॅरिएट दारातच उभी होती. "आपल्या गिल्बर्टचं पदक बघितलं का हो कुणी?"

"सगळ्यांनी बघितलं. अगदी हातात घेऊन."

 

रणातून पळाला म्हणून आपल्याच सैन्याने गोळ्या घातलेल्या मुलाचं पदक घरी कधी येणारच नव्हतं. त्याच्या आईला ते कळू नये म्हणून पार्जिटरांनीच हे घडवून घेतलं होतं.